क्षणात होणारी अभिक्रिया बघायची कशी?

हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की लगेच लाल! आमच्या कोंढ्याची मुलं विचारतात, "सर, मधात काय झालं?" प्रश्न भारीच आहे, कारण मधलं डोळ्याला दिसतच नाही.

शास्त्रज्ञ अशावेळी केसासारख्या बारीक नळ्या वापरतात. दोन द्रव दोन वाटांनी सतत येतात आणि एकत्र वाहू लागतात. वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर संगमापुढे १ मिलिमीटरवर अभिक्रिया १ मिलिसेकंद झालेली असते. म्हणजे वेळ मोजायला घड्याळाऐवजी पट्टी! द्रव पुढे जातो, पण त्या जागचं दृश्य तसंच राहतं. निवांत बघा. फक्त द्रव चटकन मिसळायला हवेत, म्हणून नळी अरुंद.

१९२३ मध्ये हार्ट्रिज आणि रफ्टन यांनी हीच युक्ती रक्तातल्या हिमोग्लोबिनसाठी वापरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांनी अशा वाहत्या सूक्ष्म नळ्यांतून रसायनं बनवण्यावर काम केलंय. त्यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.