बंदूक नेमकी कुणाविरुद्ध? अमेरिकेतल्या उजव्यांबद्दलचे काही गैरसमज

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला, की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मतं लगेच हजर होतात. एक म्हणतं, तिकडे किराणा आणायला गेल्यासारखी बंदूक आणता येते, कायदा म्हणून नाहीच. दुसरं म्हणतं, हा सगळा त्या रिपब्लिकनांचा खेळ; त्यांना बंदुकाही हव्यात आणि युद्धंही. ज्यांचा मुलगा किंवा भाची न्यू जर्सीत असते, ते त्यात काळजीची भर घालतात. दोन्ही मतांत थोडंफार खरं आहे, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली आहेत. तपशिलात शिरलं की मात्र ती डळमळतात, आणि खुद्द बंदूकवाल्यांच्या मनातले गैरसमजही तितकेच मोठे आहेत हे दिसू लागतं.

गैरसमज : तिकडे कुणीही बंदूक विकत घेऊ शकतो

वॉलमार्टच्या काही दुकानांत शिकारीच्या रायफली मिळतात, तेव्हा किराण्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. पण परवानाधारक विक्रेत्याकडे, मग तो वॉलमार्ट का असेना, फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासली जाते. ही यंत्रणा नोव्हेंबर 1998 पासून चालू आहे. तिच्या मुळाशी 1993 चा ब्रेडी कायदा आहे. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला किंवा घरात मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला बंदूक विकत घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही.

आपल्या मंडळींशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे ही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळालं की हा अडसर दूर होतो. तेव्हा टेक्सासात नवीन नोकरीला गेलेला पुतण्या मित्राची बंदूक हातात धरून फोटो टाकत असेल, तर त्याला वेळीच सावध केलेलं बरं.

फटी मात्र खऱ्या आहेत. तपासणीची सक्ती विक्रेत्यावर आहे. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली तर केंद्रीय कायदा सहसा तपासणी मागत नाही, काही राज्यं मागतात. तीन कामकाजी दिवसांत तपासणीचं उत्तर आलं नाही, तर दुकानदार विक्री पूर्ण करू शकतो. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार करणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळालं ते असंच. शिवाय राज्याराज्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाही पोलिसांचा परवाना लागतो. उलट 2024 पर्यंत 29 राज्यांनी पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी परवान्याची अटच काढून टाकली होती.

गैरसमज : घटनेनेच हक्क दिलाय, आता कुणी काही करू शकत नाही

दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची. तिच्या एकाच वाक्यात शिस्तबद्ध नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या हक्काचाही. हक्क सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, यावर दोन शतकं वाद चालला. आज अनेकांना वाटतं की हा प्रश्न पहिल्यापासूनच सुटलेला होता. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने वैयक्तिक हक्क स्पष्टपणे मान्य केला तो 2008 मध्ये, वॉशिंग्टन शहरातल्या पिस्तूलबंदीविरुद्धच्या हेलर खटल्यात, आणि तोही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया म्हणजे परंपरावादी कायदेपंडितांचं दैवत. त्यांनीच त्यात बजावून ठेवलं आहे की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांवरची बंदी किंवा शाळा आणि सरकारी इमारतींतली मनाई या निकालाने धोक्यात येत नाही. 2022 च्या ब्रुएन खटल्यात न्यायालयाने कसोटी अधिक कडक केली : आजच्या निर्बंधाला अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत आधार सापडला पाहिजे. मग खालच्या कोर्टांत अठराव्या शतकातले कायदे धुंडाळण्याची एकच धांदल उडाली. अखेर 2024 च्या रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी ठरलं, की जोडीदाराला धोका असल्याचं कोर्टाने नोंदवलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते. विरोधातलं एकमेव मत न्यायमूर्ती थॉमस यांचं होतं, आणि ब्रुएनचा निकाल लिहिणारेही तेच होते.

गैरसमज : बंदूक हा पहिल्यापासूनच उजव्यांचा झेंडा

मे 1967. ब्लॅक पँथर पार्टीचे काळे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार उघडपणे बंदूक बाळगणं हा गुन्हा नव्हता, आणि पोलिसांवर नजर ठेवायला आम्ही सशस्त्र गस्त घालतो, असं त्यांचं म्हणणं. ती वाट बंद करणारा कायदा विधिमंडळापुढे होता. तो झटपट मंजूर झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. आजच्या उजव्यांच्या देव्हाऱ्यात ज्यांची तसबीर आहे, तेच. पुढे 1994 मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालावी, असं पत्र माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि कार्टर यांच्याबरोबर लिहिणारेही रेगनच.

नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, हिची कथाही अशीच वळणांची. ती 1871 मध्ये स्थापन केली ती यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या अधिकाऱ्यांनी. सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची निघाली होती, ती सुधारावी म्हणून. कित्येक दशकं ही नेमबाजांची आणि शिकाऱ्यांची संघटना होती. 1934 मध्ये मशीनगनवर जबर कर आणि नोंदणी लादणारा कायदा होत असताना तिच्या अध्यक्षांनी काँग्रेससमोर दिलेली साक्ष आजच्या सभासदांनी वाचली तर दचकतील : वाटेल त्याने बंदूक घेऊन फिरावं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. गाडी रूळ बदलते ती 1977 मध्ये. सिनसिनाटीच्या अधिवेशनात कट्टर गटाने रात्रभर चाललेल्या सभेत जुन्या नेतृत्वाला खाली खेचलं, आणि शिकारीची जागा राजकारणाने घेतली.

त्याने सगळे उजवे एका दावणीला बांधले गेले, असंही नाही. 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवून 168 माणसं मारली गेली. त्याच सुमारास एनआरएच्या निधी गोळा करण्याच्या पत्रात केंद्रीय तपास अधिकाऱ्यांची तुलना हिटलरच्या पोलिसांशी वाटावी अशी भाषा होती. माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी संतापून आपलं आजीव सभासदत्व परत केलं. 2022 मध्ये टेक्सासातल्या युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर आलेल्या बंदूक कायद्याला सिनेटमधल्या 15 रिपब्लिकनांनी मत दिलं. लास व्हेगासच्या गोळीबारानंतर रायफलीतून मशीनगनसारखा मारा करू देणाऱ्या बम्प स्टॉक या जोडसाधनावर बंदी घातली ती ट्रम्प प्रशासनाने. ती 2024 मध्ये रद्द केली सर्वोच्च न्यायालयाने.

गैरसमज : घरात बंदूक असली की घर सुरक्षित

आधी या मताची भक्कम बाजू पाहू, कारण आपल्याकडे ती क्वचितच मांडली जाते. वायोमिंग किंवा मोंटानाच्या ग्रामीण भागात पोलिसांची गाडी यायला बराच वेळ लागतो. आणि पोलिस आले नाहीत तर? 2005 मध्ये कॅसल रॉकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवऱ्याविरुद्धचा कोर्टाचा आदेश पोलिसांनी अमलात आणला नाही, म्हणून घटनेच्या आधारे त्या बाईला नगरपालिकेकडून भरपाई मागता येणार नाही. त्या प्रकरणात बापाने तीन मुलींचा जीव घेतला होता. सरकारने मला वाचवण्याची हमीच घेतलेली नाही, तर माझं साधन मला बाळगू द्या, या म्हणण्याला वेडगळ ठरवता येत नाही. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत 32 टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या 72 टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण दिलं.

आता आकडे. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 माणसं मेली. त्यांतल्या साधारण 27,300 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त. शाळांतल्या हत्याकांडांच्या बातम्या पाहणाऱ्याला हे पटकन खरं वाटत नाही. गोळी झाडून घेण्याचे दहापैकी जवळपास नऊ प्रयत्न जीव घेतात. बाकीच्या बहुतेक मार्गांत माणूस वाचण्याची, आणि वाचल्यावर सावरण्याची, शक्यता खूपच जास्त असते. चोरासाठी उशाशी ठेवलेलं पिस्तूल घरातल्याच माणसावर चालण्याचा धोका हा असा आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या भाषणांत जवळजवळ येतच नाही. डाव्यांचं लक्ष एआर-15 सारख्या रायफलींवर असतं. खुनांत मात्र पिस्तुलांचा वाटा कितीतरी मोठा आणि रायफलींचा अगदी किरकोळ असतो.

बंदूक दरवर्षी किती वेळा खरोखर स्वसंरक्षणासाठी वापरली जाते, यावर तर नुसता गोंधळ आहे. 1995 मध्ये गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या अभ्यासकांनी 25 लाख वेळा असा अंदाज दिला. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून निघणारा आकडा लाखाच्या आतबाहेर राहतो. पंचवीस पटींचा फरक असलेल्या या आकड्यांतला आपापल्या सोयीचा उचलून भांडणं चालू आहेत.

गैरसमज : अंगणात पाय टाकला की गोळी घालायची मुभा

नाही. जीवाला किंवा गंभीर दुखापतीला तात्काळ धोका आहे, अशी वाजवी भीती जवळपास सगळीकडे दाखवावी लागते. फ्लोरिडाने 2005 मध्ये कायदा केला आणि अनेक राज्यं त्यामागून गेली. त्याने मुख्यतः बदललं ते हे की घराबाहेरही, शक्य असेल तर आधी मागे सरकण्याचं बंधन उरलं नाही. याला रानटी म्हणण्याआधी आपल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं वाचावीत. खासगी बचावाचा हक्क आपल्याकडेही आहे, काही प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत आहे, आणि आपलंही सर्वोच्च न्यायालय पळून जाण्याची अपेक्षा करत नाही. फरक हातातल्या हत्याराचा आहे.

गैरसमज : हिटलरने बंदुका काढून घेतल्या, आणि गांधीजीसुद्धा बंदुकांच्या बाजूने होते

हे दोन दाखले अमेरिकन बंदूकसमर्थकांच्या तोंडी हमखास असतात. नाझींच्या 1938 च्या कायद्याने बहुसंख्य जर्मनांसाठी नियम उलट सैल केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यूंना मात्र शस्त्रबंदी झाली. निवडक लोकांना निःशस्त्र करणं हे खरं, देशाला निःशस्त्र करणं हे खोटं.

गांधीजींनी ब्रिटिशांच्या शस्त्रकायद्याला काळं कृत्य म्हटलं होतं, हे खरंच. संदर्भ गाळला जातो तो असा : 1918 साल, खेडा जिल्हा, आणि गांधीजी लोकांना पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटिश सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होते. त्या कायद्याचा, म्हणजे 1878 च्या आर्म्स ॲक्टचा, राग काँग्रेस पक्षात जुना होता. 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत आणण्याची सूचना मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि ती फेटाळली गेली. स्वतःचं सरकार आल्यावर आपल्याकडे तो हक्क मागणारं फारसं कुणी उरलं नाही. अमेरिकेत स्वतःचं सरकार आल्यावरच तो लिहिला गेला.

सरकारविरुद्ध बंड करता यावं एवढ्याचसाठी तो लिहिला, हा मात्र पुन्हा एक गैरसमज. 1794 मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध बंदुका उचलल्या, तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे 13,000 जणांची नागरी सेना घेऊन ते मोडायला निघाले होते.

गैरसमज : उजवे म्हणजे युद्धखोर

विसाव्या शतकातली मोठी युद्धं आठवा. पहिलं महायुद्ध विल्सन, दुसरं रूझवेल्ट, कोरिया ट्रुमन, व्हिएतनाममधली मोठी चढाई जॉन्सन : चौघेही डेमोक्रॅट. त्या काळात रिपब्लिकनांचा मोठा गट परदेशातल्या भानगडीत पडू नये असं म्हणणारा होता. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी 1949 मध्ये नाटो कराराविरुद्ध मत दिलं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : कायमची फौज म्हणजे कायमचा कर आणि कायमचं मोठं सरकार. 1961 मध्ये निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या संगनमताचा इशारा देणारे आयझेनहॉवर रिपब्लिकन आणि पाच तारे लावणारे सेनापती होते. रेगन यांनी ग्रेनाडावर सैन्य उतरवलं, पण बैरुतमध्ये 241 सैनिक मारले गेल्यावर काही महिन्यांत लेबनॉनमधून काढताही पाय घेतला.

शीतयुद्धाने पक्षाचा सूर बदलला आणि 2001 नंतर तो टिपेला गेला, हे नाकारता येत नाही. 2002 मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध प्रतिनिधिगृहातले सहाच रिपब्लिकन उभे राहिले, सिनेटमध्ये तर एकच. पण ठरावाच्या बाजूने सिनेटमधल्या 29 डेमोक्रॅटांनीही हात वर केले होते. त्याच वर्षी पॅट ब्युकॅनन यांनी युद्धाला विरोध करणारं परंपरावादी नियतकालिक काढलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रम्प यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या चर्चेत धाकट्या बुश यांचं इराक युद्ध घोडचूक ठरवलं. लष्करी तळांनी भरलेल्या त्या राज्यातली पक्षांतर्गत निवडणूक ते आठवड्याभराने जिंकले. एप्रिल 2024 मध्ये युक्रेनच्या मदतीविरुद्ध पडलेली सगळी 112 मतं रिपब्लिकनांची होती, आणि बाजूने मत देणारे रिपब्लिकन 101. जून 2025 मध्ये त्याच ट्रम्प यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा काँग्रेसला विचारल्याशिवाय हे करता येत नाही म्हणून ओरडणाऱ्यांत केंटकीचे थॉमस मॅसी हे रिपब्लिकनच होते.

गैरसमज : त्यांना सरकारच नको

माझ्या मते बंदुकीचा आणि युद्धाचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळतो : सरकारवर किती विश्वास टाकायचा. आणि इथे उजव्यांची खरी अडचण सुरू होते. 1986 च्या कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई केली. परिणाम असा, की गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचं सरकारी केंद्र, बंद पडलेल्या दुकानांचे कोट्यवधी कागद स्कॅन करून ठेवतं, पण नावाने शोध घेता येणार नाही अशाच पद्धतीने. कर्मचारी पानामागून पान चाळत बसतात. ही गैरसोय मुद्दाम राखलेली आहे, आणि तिच्या समर्थकांना त्याचा अभिमान आहे.

पण 2001 मध्ये पॅट्रियट कायदा आला, ज्याच्या आधारे पुढे कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी सरकारने गोळा केल्या, तेव्हा प्रतिनिधिगृहात त्याला विरोध करणारे रिपब्लिकन होते फक्त तीन. त्यांतले एक टेक्सासचे रॉन पॉल. इराक युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या सहांतही ते होते. त्यांचे चिरंजीव सिनेटर रँड पॉल मे 2015 मध्ये याच कायद्याच्या मुदतवाढीविरुद्ध साडेदहा तास उभे राहून बोलले. त्यांच्या आडमुठेपणामुळे मुदत टळून गेली, आणि दोन दिवसांत फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याला आळा घालणारा नवा कायदा करावा लागला.