एक झाड मुलाच्या हवाली

मे महिन्यात लालबाग-परळच्या चाळींत मुलांना सुट्टी, बाहेर रणरणते ऊन. मग दिवसभर मोबाइल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा 2025मध्ये झाला. दोस्तांसोबतचे साधे खेळ मात्र चालूच आहेत. ते हिसकावून घेऊ नका. सोबत कागदी लिंबाचे एक कलम मुलाच्या हवाली करा.

बुडाला भोके पाडलेली 20 लिटरची स्वच्छ बादली, माती आणि कुजलेले शेणखत एवढे पुरे. पाणी सकाळी लवकर घालावे, मातीवर सुक्या पाल्याचा थर पसरावा, भर दुपारी जुन्या ओढणीची सावली करावी. खेळ उद्यावर ढकलता येतो, तहानलेले झाड नाही. दोन-तीन वर्षांनी लिंबे धरली, की पहिल्या सरबताचा ग्लास त्यालाच द्या.