रुग्णालयातील संगणक आणि लिनक्स : खरेदी व मांडणीविषयी निवेदन

अहवाल वर्षात रुग्णालयातील बहुतेक संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर आणण्यात आले. नोंदणी खिडकी, औषध विभाग, प्रयोगशाळा व कार्यालय येथील संगणकांचे पडदे आता वेगळे दिसतात, याची दखल अनेक देणगीदारांनी व रुग्णांच्या नातेवाइकांनी घेतली. ‘फुकट मिळणारी प्रणाली रुग्णालयासाठी भरवशाची आहे का?’ असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही उपस्थित झाला. देणगीचा पैसा जेथे खर्च होतो तेथील निर्णयांची कारणे देणगीदारांस समजली पाहिजेत, या भूमिकेतून हे निवेदन सादर करीत आहोत.

संगणकाचे यंत्र आणि त्यावर होणारे काम यांच्यामधील व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. आपल्याकडे विंडोज १० ही प्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित मुदत संपली. त्यानंतर संस्थांना सुरक्षाविषयक सुधारणा हव्या असल्यास दरवर्षी वाढत जाणारे शुल्क भरावे लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक असतो. साधारणतः २०१८ पूर्वीची यंत्रे या अटींत बसत नाहीत. आपले बरेच संगणक देणगीदाखल आलेले व त्याच काळातील आहेत. यंत्रे धडधाकट, परंतु प्रणालीची मुदत संपलेली, अशी ही स्थिती होती.

मुदत संपलेली प्रणाली तशीच चालविणे रुग्णालयास परवडणारे नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालये ठप्प केली व हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दोन महिने आधी उपलब्ध झालेली सुधारणा ज्या संगणकांवर बसविलेली नव्हती, ते त्यास बळी पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी हाताने करावी लागली. सबब, सर्व यंत्रे मोडीत काढून नवी घेणे किंवा आहे त्याच यंत्रांवर दुसरी प्रणाली बसविणे, हे दोनच पर्याय आमच्यापुढे होते.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. या प्रणालीची घडण कोणासही पाहता येते, दुरुस्त करता येते व इतरांस देता येते. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली आणली, तर केरळ राज्यातील शासकीय शाळा गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवीत आहेत.

ओझरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने आपल्या परिसरातील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या आणि वाघाड धरणाच्या पाणीवाटपाचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्यामुळे पाणी फुकट झाले नाही. पाणीपट्टी भरावी लागते, चाऱ्या साफ ठेवाव्या लागतात, पाळी सांभाळावी लागते. मात्र निर्णय लाभधारकांचा असतो. लिनक्सचेही तसेच आहे. परवाना शुल्क नाही, परंतु देखभाल आपल्यालाच करावी लागते.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे केले. प्रथम प्रत्येक यंत्रावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिले. असे केल्याने आतील माहितीस धक्का न लागता पडदा, नेटवर्क, प्रिंटर व स्कॅनर चालतात की नाही हे कळते. ज्या यंत्रांत जुनी फिरती हार्ड डिस्क होती तेथे एसएसडी बसविली व रॅम ८ जीबीपर्यंत वाढविली. एवढ्या दुरुस्तीने जुना संगणक नोंदणी, पावत्या व पत्रव्यवहार यांसाठी सहज पुरतो. जे मोजके संगणक नवे घ्यावे लागले ते कार्यप्रणालीविना मागविले, जेणेकरून न वापरायच्या परवान्याची किंमत द्यावी लागू नये.

खरी अडचण प्रिंटरची असते. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही केवळ कंपनीने पुरविलेल्या विशिष्ट ड्रायव्हरवरच चालतात व लिनक्सवर तो नीट मिळत नाही. म्हणून पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ही सर्वमान्य भाषा समजणारे प्रिंटरच निवडले. पावत्यांच्या कार्बन प्रतींसाठी जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उत्तम चालतात, ते ठेवले आहेत.

उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची निवड केली. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते दिले असून प्रणालीत बदल करण्याचा अधिकार दोघांकडेच आहे. मराठीसाठी युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक वापरतो, त्यामुळे येथे लिहिलेले पत्र कोणत्याही संगणकावर वाचता येते.

काही संगणक विंडोजवरच ठेवले आहेत. लेखा विभागातील टॅली तसेच तपासणी यंत्रांसोबत आलेल्या काही प्रणाली विंडोजवरच चालतात. तपासणी यंत्रांना जोडलेले असे संगणक इंटरनेटपासून अलग केले आहेत. लिनक्सवर हल्ला होतच नाही, असाही आमचा दावा नाही. म्हणून रोज रात्री सर्व नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते, एक प्रत रुग्णालयाच्या आवाराबाहेर ठेवली जाते आणि ती प्रत उघडते की नाही हे ठरावीक काळाने तपासले जाते.

या नोंदींचे मोल केवळ कार्यालयीन नाही. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. कोणत्या रुग्णास किती सवलत मिळाली याचा हिशेब या संगणकांतच आहे. शिवाय आज तपासलेल्या बालकाची नोंद वीस वर्षांनी डॉक्टरांना लागू शकते. तेव्हा ती उघडण्यासाठी कोणा एका कंपनीची परवानगी लागू नये, म्हणून नोंदी खुल्या स्वरूपात जतन करण्याचे धोरण मंडळाने स्वीकारले आहे.

परवान्यांवर वाचलेली रक्कम एसएसडी, यूपीएसच्या बॅटऱ्या व कर्मचारी प्रशिक्षण यांवर खर्च केली. पहिले काही आठवडे नोंदणी खिडकीवर थोडा अधिक वेळ लागला. त्या काळात रुग्णांच्या नातेवाइकांनी दाखविलेल्या संयमाबद्दल आम्ही ऋणी आहोत.

देणगीदारांस नम्र विनंती आहे की, वापरलेला संगणक देण्यापूर्वी कार्यालयाशी संपर्क साधावा. ६४ बिट प्रोसेसर असलेले चालू यंत्र आम्ही आनंदाने स्वीकारू. आपली खासगी माहिती त्यातून आधी पूर्णपणे पुसावी. यंत्र देणे शक्य नसल्यास एखादी एसएसडी किंवा यूपीएसची बॅटरीही तितकीच उपयोगी पडेल.