उणे तीसला राहण्याजोगं घर

कॅनडातल्या कॅलगरीत नव्या घराला किती उष्णता लागेल याचा हिशेब मांडताना बाहेरचं तापमान उणे ३० अंश सेल्सिअस धरलं जातं. रोज एवढी थंडी नसते. जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे १३च्या आसपास असतं. पण ध्रुवाकडची हवा खाली सरकली की उणे २५-३० दिवसचे दिवस हटत नाही. मग रॉकी पर्वत उतरून चिनूक वारा येतो आणि काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो. छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी वाहू लागतं आणि रात्री ते पुन्हा गोठतं. हे एका हिवाळ्यात अनेकदा होतं आणि प्रत्येक वेळी घराच्या सांध्यांची परीक्षा होते.

या शहरात बस्तान बसलं, मुलं मोठी झाली, की अनेक मराठी कुटुंबं मोठं घर शोधू लागतात. अ‍ॅस्पेन वुड्स, स्प्रिंगबँक, माउंट रॉयल या वस्त्यांची नावं बोलण्यात येतात. जाहिरातीतल्या फोटोंत दुमजली उंचीचा हॉल, संगमरवरी ओटा आणि झुंबर दिसतं. तिथल्या हवेत ऐषआराम म्हणजे काय, याचं माझं उत्तर साधं आहे: जानेवारीतल्या कुठल्याही मंगळवारी सकाळी सातला घराच्या सगळ्या खोल्या सारख्या उबदार असाव्यात, मुलांना शाळेत पाठवताना दारात गर्दी-गोंधळ होऊ नये आणि घर तापवणाऱ्या फर्नेसची आठवणही कुणाला होऊ नये. पैसे आधी यासाठी मोजावेत.

सुरुवात जागेपासून. कॅलगरी ५१ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो, साडेचारला मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. इतकं तिरपं ऊन दक्षिणेकडच्या खिडकीतून खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. शहरात हिवाळी ऊन भरपूर पडतं, त्यामुळे ही उष्णता फुकट मिळते. म्हणून दक्षिणेकडे मागचं अंगण असलेल्या घराला तिथे मागणी असते. पण मागचं अंगण दक्षिणेला म्हणजे पुढचा ड्राइव्हवे उत्तरेला. तो घराच्या सावलीत राहतो आणि त्यावरचा बर्फ दबून दबून काचेसारखा घट्ट होतो. पुढची बाजू दक्षिणेला असेल तर चिनूकच्या एका दुपारी ड्राइव्हवे कोरडा होतो. दक्षिणमुखी दार नको म्हणून आपल्यातले बरेच जण अशी घरं पाहतही नाहीत. श्रद्धेचा मान राखूनही मला वाटतं, की घरात आजी-आजोबा राहायला येणार असतील तर ऊन पडणारा, न घसरणारा ड्राइव्हवे पारड्यात जरूर टाकावा. शिवाय घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ, पडायचा थांबल्यापासून २४ तासांच्या आत काढायचा, हा महापालिकेचा नियम आहे. कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन बाजूंचे पदपथ येतात, हे घर बघताना लक्षात घ्यावं.

नदीकाठचं घर हा वेगळा मोह. जून २०१३मध्ये बो आणि एल्बो या नद्यांना पूर आला तेव्हा रॉक्सबरो, एल्बो पार्क अशा शहरातल्या महागड्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. तिथे घर बघत असाल तर पुराचा नकाशा, विम्याच्या अटी आणि बेसमेंट पुढे कसं दुरुस्त केलं, हे आधी पाहावं.

आता भिंती आणि माळा. उबदार घर म्हणजे मोठी भट्टी असलेलं घर, असा समज असतो. खरं काम इन्सुलेशन आणि हवाबंदपणा करतात. थंडीत घरातली गरम हवा हलकी होऊन वर जाते, माळ्याच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून गोठलेली हवा आत ओढली जाते. घर जितकं उंच तितकी ही ओढ जास्त. हवाबंदपणा मोजता येतो. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात आणि ठरावीक दाबाला तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. कॅनडातल्या आर-२००० या मानकात ही मर्यादा दीड आहे, पॅसिव्ह हाउसमध्ये ०.६. विक्रेत्याकडे हा आकडा मागावा. ज्याने घर मनापासून बांधलं आहे त्याला तो तोंडपाठ असतो.

माळ्यावर गळणारी ऊब बिलापलीकडेही नुकसान करते. छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी उतरत वळचणीला येतं आणि तिथे खाली उबदार खोली नसल्यामुळे पुन्हा गोठतं. हळूहळू कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागचं पाणी त्यावर तुंबतं, छपराच्या थरांखाली शिरतं आणि छतावर ओल उतरते. वळचणीला लटकणाऱ्या बर्फाच्या जाड पागोळ्या फोटोत सुंदर दिसतात, पण घर विकत घेणाऱ्याने त्यांच्याकडे आजाराचं लक्षण म्हणून पाहावं. आलिशान घरांच्या छपरांना अनेक पाखी, गवाक्षं आणि खाचा असतात. प्रत्येक खाचेत बर्फ साठतो. साधं, दोन उतारांचं छप्पर तिथल्या हवेत जास्त टिकतं.

दुमजली उंचीच्या हॉलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण घराचा सौदा बहुधा तिथेच पक्का होतो. समोर वीस फुटांची काच, पलीकडे पर्वतरांग. उणे २५ला त्या काचेजवळची हवा थंड होऊन जड होते आणि खाली घसरते. सोफा काचेजवळ असेल तर घोट्यांना सतत गार झुळूक लागते. थर्मोस्टॅट २२ दाखवतो आणि माणूस शाल शोधतो. दुसरं असं, की आपलं शरीर समोरच्या थंड पृष्ठभागाकडेही उष्णता गमावतं, त्यामुळे हवा उबदार असूनही काचेपाशी गारठा जाणवतो. तिसरी गोष्ट दवाची. घरात २१ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे ७ अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर पाणी साचतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर आणली तर ती सीमा ३ अंशांच्या खाली जाते. दुहेरी काचेच्या कडा कडाक्याच्या थंडीत या सीमेखाली सहज जातात, मग चौकटीवर पाणी, पुढे बर्फ आणि शेवटी बुरशी. तिहेरी काचेची आतली बाजू बरीच उबदार राहते. हौसेचा पर्वतदर्शनी हॉल घ्यायचाच असेल तर तिहेरी काच, काचेच्या पायथ्याशी गरम हवेची तोंडं आणि वर साचलेली ऊब खाली ढकलणारा पंखा, हे तिन्ही असल्याशिवाय घेऊ नये.

फर्नेस बहुतेक घरांत नैसर्गिक वायूवर चालतो. चार हजार चौरस फुटांच्या घराला एकच फर्नेस आणि एकच थर्मोस्टॅट असेल तर काही खोल्या भाजतात आणि काही गारठतात. दोन फर्नेस किंवा मजलेवार नियंत्रण असलेलं घर बघावं. दोन फर्नेसचा आणखी फायदा असा, की उणे ३०च्या रात्री एक बंद पडला तरी पाण्याचे पाइप गोठत नाहीत. बेसमेंटच्या कोब्यात गरम पाण्याच्या नळ्या असतील तर ती मोठी चैन आहे आणि ती पैसे वसूल करते.

कॅलगरीच्या घरांत गॅरेजवर बांधलेली मोठी खोली, बोनस रूम, फार दिसते. मुलांच्या खेळाला किंवा पाहुण्यांना ती दिली जाते. तिच्या फरशीखाली थंड गॅरेज, तीन बाजूंना बाहेरची भिंत आणि फर्नेस घराच्या दुसऱ्या टोकाला. घर बघायला जाल तेव्हा या खोलीच्या कोपऱ्यात मोजे काढून उभं राहावं. पायाला जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

स्वयंपाकघराचा प्रश्न आपल्या लोकांसाठी खास महत्त्वाचा आहे. फोडणी, तळण, कुकरच्या शिट्ट्या, यांचा धूर आणि वाफ बाहेर काढायला ओट्यावर दणकट चिमणी लागते. महागड्या स्वयंपाकघरातली चिमणी मिनिटाला सहाशे ते हजार-बाराशे घनफूट हवा बाहेर फेकते. घर हवाबंद आहे, मग बदली हवा येणार कुठून? आत यायची वाट ठेवलेली नसेल तर ती सापडेल तिथून येते: शेकोटीच्या धुराड्यातून, जुन्या पद्धतीच्या गॅस गिझरच्या नळीतून. तसं झालं तर बाहेर जायचा विषारी वायू घरात परततो. म्हणून मोठ्या चिमणीसोबत बाहेरची हवा आत घेऊन ती तापवणारी यंत्रणा हवीच. खिडक्या बंद करून चिमणी पूर्ण वेगाने चालवावी आणि विझलेल्या शेकोटीच्या तोंडाशी पातळ कागद धरावा. कागद खोलीकडे फडफडला तर हवा उलटी येते आहे. बरेच बिल्डर आता मुख्य स्वयंपाकघरामागे वेगळं स्पाइस किचन देतात. त्याला दार असावं आणि चिमणीचा पाइप थेट बाहेर जावा. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी आपल्या स्वयंपाकाला अगदीच निरुपयोगी.

ताज्या हवेसाठी रोज खिडकी उघडणं त्या थंडीत शक्य नसतं. त्यासाठी एचआरव्ही हे यंत्र असतं. ते शिळी हवा बाहेर सोडताना तिची उष्णता आत येणाऱ्या हवेला देतं. बेडरूमचं दार रात्रभर बंद ठेवणाऱ्या घरात ते हवंच. गाळणी शेवटची कधी स्वच्छ केली ते विचारावं.

दारापाशी काय होतं, तेही पाहावं. पुढचं भव्य दार पाहुण्यांसाठी असतं, घरचे लोक गॅरेजमधून येतात. तिथे मडरूम लागते: बसून बूट काढायला बाक, प्रत्येकाच्या जाड कोटाला खुंटी, ओले बूट ठेवायला तापणारी फरशी. दोन माणसं एकाच वेळी कोट चढवू शकतील एवढी ती रुंद हवी. दिवाळीच्या फराळाला तीसेक माणसं आली की साठ बूट आणि तीस जाडजूड जाकिटं घरात येतात, त्यांच्यासाठी पुढच्या दाराशीही मोठं कपाट लागतं. गॅरेज तापवलेलं असावं आणि त्याच्या जमिनीत पाणी वाहून जायची जाळी असावी, कारण गाडीवरून वितळलेला बर्फ दाराशी जाऊन गोठतो. गॅरेज आणि घर यांमधलं दार घट्ट मिटणारं असावं, नाहीतर गाडीचा धूर आत येतो.

बेसमेंटमध्ये रेडॉन तपासावा. जमिनीतून येणाऱ्या या किरणोत्सारी वायूला रंग नाही, वास नाही आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. कॅनडाच्या आरोग्य विभागाची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल आहे. कॅलगरी भागात त्याहून जास्त आकडे असलेली घरं आहेत. चाचणी किमान तीन महिन्यांची आणि घर बंद असलेल्या थंडीच्या दिवसांत करायची असते. आकडा जास्त निघाला तर कोब्याखालून पाइप आणि पंखा लावून तो खाली आणता येतो, त्यामुळे घाबरून घर सोडायची गरज नाही. मुलांची झोपायची खोली बेसमेंटमध्ये करणार असाल तर मात्र चाचणी टाळू नये.

उन्हाळ्याचंही एक संकट आहे, ते म्हणजे गारपीट. जून २०२०च्या एका संध्याकाळी ईशान्य कॅलगरीत विमा कंपन्यांना १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागेल एवढं नुकसान झालं. आघात सोसणारं, चौथ्या वर्गाचं छप्पर असेल तर चांगलं.

घर शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत, अंधार पडल्यावर बघावं. जुलैत सगळीच घरं उबदार असतात. जुनं घर असेल तर गेल्या दोन हिवाळ्यांची गॅसची आणि विजेची बिलं मागावीत आणि तपासनीसाला माळ्यावर चढायला लावावं. नवं असेल तर आल्बर्टा प्रांतात २०१४पासून कायद्याने हमी मिळते: कारागिरी आणि साहित्याला एक वर्ष, हीटिंग, प्लंबिंग आणि वीज यंत्रणेला दोन, बाहेरच्या कवचाला पाच आणि मुख्य ढाच्याला दहा. पहिलं वर्ष संपण्याआधी एक पूर्ण हिवाळा घरात काढून, गारठणाऱ्या खोल्या, दव धरणाऱ्या खिडक्या आणि वळचणीच्या पागोळ्या यांची फोटोंसह यादी बिल्डरला लेखी द्यावी.