आक्रमक खेळाडूचा लॅक्रॉस दांडा

लॅक्रॉस या मैदानी खेळात चेंडू झेलण्यासाठी, वाहून नेण्यासाठी व फेकण्यासाठी जी जाळीदार काठी वापरली जाते, तिला स्टिक म्हणतात. स्टिकचे दोन भाग असतात: वरचे जाळीचे डोके आणि खेळाडू हातात धरतो तो दांडा. दांड्यासाठी खेळाडूंमध्ये शाफ्ट हा इंग्रजी शब्द रूढ आहे. आक्रमक फळीतील खेळाडूचा दांडा आखूड, वजनाने हलका व पकडीस सोयीचा असावा लागतो. मात्र बचावपटूंचे फटके सतत त्याच्या स्टिकवर बसत असल्याने तो मजबूतही असणे आवश्यक असते. हलकेपणा व मजबुती या परस्परविरोधी गुणांचा मेळ घालणे, हा दांड्याच्या निवडीतील मुख्य प्रश्न होय.

आक्रमक खेळाडूचे काम

पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये प्रत्येक संघाचे १० खेळाडू मैदानात असतात: एक गोलरक्षक, तीन बचावपटू, मधल्या फळीतील तीन आणि आक्रमक फळीतील तीन. ऑफसाइडच्या नियमानुसार प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात असावे लागतात. त्यामुळे आक्रमक फळीतील खेळाडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या परिसरातच वावरतात. बचावपटूला चकवणे, सहकाऱ्याला अचूक पास देणे आणि ६ फूट रुंद व ६ फूट उंच गोलमध्ये चेंडू मारणे, ही त्यांची प्रमुख कामे असतात.

धावताना चेंडू जाळीतून पडू नये म्हणून स्टिक मनगटाच्या हालचालीने सतत झुलवत ठेवावी लागते. पाळणा हलवल्यासारख्या या क्रियेला क्रेडलिंग म्हणतात. बचावपटू अंगाशी भिडला की आक्रमक खेळाडूला अनेकदा एकाच हाताने स्टिक झुलवत दुसऱ्या बाजूला वळावे लागते. दांडा जड असेल तर मनगट लवकर थकते व हालचाल मंदावते. दुसरीकडे, बचावपटूला प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर तसेच स्टिक धरलेल्या हातमोज्यावर आपल्या स्टिकने प्रहार करण्याची मुभा असते. हे प्रहार दांडा व पकडीवरचे हात यांनाच सोसावे लागतात.

लांबी व नियम

दांड्याची लांबी ठरवताना खेळाडूला फारसे स्वातंत्र्य नसते. पुरुषांच्या मैदानी खेळात डोक्यासह आखूड स्टिकची एकूण लांबी ४० ते ४२ इंच, म्हणजे सुमारे १०२ ते १०७ सेंटिमीटर असावी लागते. लांब स्टिक ५२ ते ७२ इंचांची, म्हणजे सुमारे १३२ ते १८३ सेंटिमीटरची असते. गोलरक्षक वगळता एका संघाच्या जास्तीत जास्त चार खेळाडूंना एका वेळी लांब स्टिक वापरता येते आणि ती प्रामुख्याने बचावपटूंच्या हाती दिली जाते. आक्रमक खेळाडूसाठी बाजारात मिळणारा दांडा साधारणतः ३० इंचांचा असतो. डोके बसवल्यावर स्टिक किमान लांबीची अट पूर्ण करते.

या दोन इंचांच्या मर्यादेतही फरक जाणवतो. स्टिक जितकी आखूड, तितकी ती शरीराजवळ लपवणे व बचावपटूच्या टप्प्याबाहेर ठेवणे सोपे जाते. किंचित लांब स्टिकमुळे हाताचा पल्ला वाढतो व फटका मारताना डोक्याला अधिक वेग मिळू शकतो. दांडा कापावयाचा झाल्यास तो नेहमी खालच्या टोकाकडून कापतात. कापण्यापूर्वी डोके बसवून एकूण लांबी मोजणे आवश्यक असते, कारण किमान मर्यादेपेक्षा आखूड झालेली स्टिक सामन्यात अवैध ठरते आणि खेळाडूला मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा होते. पोकळ दांड्याच्या खालच्या टोकाला रबरी किंवा प्लास्टिकचे बूच असणेही नियमाने बंधनकारक आहे. उघड्या टोकाने इजा होऊ शकते.

अमेरिकेतील लहान वयोगटांच्या नियमांत ३७ इंचांपर्यंत आखूड स्टिक चालते. महिलांच्या खेळातील स्टिकची लांबी ३५.५ ते ४३.२५ इंच असते व तिचा दांडा सहसा पुरुषांच्या दांड्यापेक्षा काहीसा बारीक असतो.

इतिहास

लॅक्रॉसचे मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मूलनिवासी समाजांत आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका व टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या हौदेनोसौनी महासंघात हा खेळ निर्मात्याने दिलेली देणगी मानला जातो. आजारी व्यक्तीला किंवा समाजाला स्वास्थ्य लाभावे म्हणूनही तो खेळला जातो. या विधिपूर्वक खेळात आजही लाकडी स्टिकच वापरतात. नवजात मुलाजवळ छोटी स्टिक ठेवण्याची आणि मृत खेळाडूसोबत त्याची स्टिक पुरण्याची परंपरा या समाजात आहे.

लाकडी स्टिक मुख्यतः हिकरी या झाडाच्या लाकडापासून बनते. कुऱ्हाडी व हातोड्यांचे दांडे ज्यापासून करतात, तेच हे चिवट लाकूड होय. ओंडका उभा चिरून, तासून, वाफेवर मऊ करून त्याचे टोक वाकवले जाते व नंतर ते दीर्घकाळ वाळवले जाते. एक स्टिक पूर्ण होण्यास काही महिने लागतात. अशा स्टिकमध्ये डोके व दांडा एकाच लाकडाचे असल्याने दांडा वेगळा निवडण्याचा प्रश्नच नसे. एक भाग तुटला की संपूर्ण स्टिक निकामी होई.

१८६७ मध्ये मॉन्ट्रियल येथील दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी खेळाचे नियम लिखित स्वरूपात बांधले व रबरी चेंडूचा वापर रूढ केला. स्टिक मात्र पुढे सुमारे शंभर वर्षे लाकडाचीच राहिली. मोहॉक कारागिरांच्या हातच्या स्टिकना मोठी मागणी होती. १९६८ मध्ये कॅनडातील कॉर्नवॉल बेटावरील त्यांचा प्रमुख कारखाना आगीत जळाला आणि स्टिकचा तुटवडा निर्माण झाला. १९७० मध्ये बाल्टिमोर येथील एसटीएक्स कंपनीने प्लास्टिकच्या डोक्याचे पेटंट मिळवले. हे डोके दांड्यावर बसवून स्क्रूने पक्के करता येत असे. त्यामुळे डोके व दांडा प्रथमच स्वतंत्र झाले आणि त्याच दशकात धातूचे पोकळ दांडे वापरात आले. खेळातील भूमिकेनुसार दांडा निवडण्याची पद्धत या बदलातून निर्माण झाली.

दांड्याचे पदार्थ

ॲल्युमिनियमचे मिश्रधातू: हे सर्वांत प्रचलित व तुलनेने स्वस्त असतात. जस्त मिसळलेला ७०७५ सारखा मिश्रधातू साध्या ॲल्युमिनियमपेक्षा बराच मजबूत असतो. जोरदार प्रहाराने या दांड्यांना पोचे पडतात किंवा ते वाकतात. मात्र ते अचानक दुभंगण्याचा धोका कमी असतो.

स्कँडियम मिश्रधातू: या नावाने विकले जाणारे दांडे प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचेच असतात. त्यांत स्कँडियमचे प्रमाण साधारणतः अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. तेवढ्यानेही धातूची मजबुती वाढते. त्यामुळे दांड्याची भिंत पातळ ठेवता येते व वजन घटते. पातळ भिंतीमुळे पोचे पडण्याची शक्यता मात्र कायम राहते.

टायटॅनियम: याची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दीडपट असते, परंतु मजबुती इतकी जास्त असते की अतिशय पातळ भिंतही पुरते. दांडा किंचित लवतो व पुन्हा सरळ होतो. किंमत अधिक असते.

कार्बन तंतूंचे संमिश्र: रेझिनमध्ये कार्बनचे तंतू बसवून हे दांडे बनवतात. थंडीत ते धातूइतके गार लागत नाहीत. तंतूंची दिशा व थर बदलून दांडा कुठे व किती लवावा हे उत्पादकाला ठरवता येते. संमिश्र दांड्याला पोचा पडत नाही. आतील थर सुटत जातात आणि वरून धड दिसणारा दांडा एखाद्या प्रहाराने मोडू शकतो.

वजन व तोल

आक्रमक खेळाडूच्या दांड्याचे वजन साधारणतः १२० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान असते. उत्पादक वजनातील घट मोठ्या अभिमानाने जाहीर करतात, परंतु तिचा विचार संपूर्ण स्टिकच्या संदर्भात करणे योग्य ठरते. जाळीसह डोके सुमारे १५० ग्रॅमचे धरले आणि चेंडू साधारण १४५ ग्रॅमचा मानला, तर १५० ग्रॅमच्या दांड्यासह एकूण वजन सुमारे ४४५ ग्रॅम होते. यातून दांड्याचे २० ग्रॅम कमी केले, तरी एकूण वजनातील घट ५ टक्क्यांहून कमी भरते.

शिवाय वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. डोके व चेंडू हे दोन्ही पकडीपासून दूर, स्टिकच्या टोकाशी असतात. म्हणून टोकाकडचे थोडे वजनही झुलवताना खूप जाणवते, तर हाताजवळचे तेवढेच वजन फारसे जाणवत नाही. जड डोके बसवून अतिशय हलका व महाग दांडा घेतल्याने फारसा लाभ होत नाही.

लवचीकता

फटका मारताना दांडा किंचित वाकतो व चेंडू सुटण्याच्या सुमारास सरळ होतो. वाकताना साठलेली ऊर्जा परत मिळून फटक्याला वेग येऊ शकतो. तथापि दांडा सरळ होण्याचा क्षण व चेंडू सुटण्याचा क्षण यांचा मेळ सरावानेच बसतो. तो न बसल्यास चेंडूची दिशा चुकते. म्हणून दूरवरून जोरदार फटके मारणारे खेळाडू लवचीक दांडा पसंत करतात, तर गोलमागून पास देणाऱ्या खेळाडूला ताठ दांडा अधिक खात्रीचा वाटतो. लवचीकतेचे आकडे प्रत्येक उत्पादक स्वतःच्या पद्धतीने देतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

आकार व पकड

बहुतेक दांडे अष्टकोनी असतात. कडांमुळे डोक्याची जाळी कोणत्या दिशेला आहे, हे खेळाडूला न पाहता बोटांनी कळते. काही दांड्यांच्या बाजू आत वळलेल्या असतात, तर काहींचा छेद थेंबाच्या आकाराचा असतो. पृष्ठभाग फार गुळगुळीत असल्यास घामाने पकड निसटते. फार खरखरीत असल्यास वरचा हात दांड्यावरून सहज सरकत नाही. आक्रमक खेळाडूला झेल, पास व फटका यांदरम्यान वरचा हात सतत सरकवावा लागत असल्याने मध्यम खरखरीत दांडा व केवळ खालच्या टोकाला कापडी टेप, अशी रचना सामान्यतः केली जाते. दांडा नेहमी हातमोजे घालूनच पारखला जातो, कारण उघड्या हाताला जाणवणारी पकड मैदानात तशीच राहत नाही.

निवडीचे निकष

नवशिक्या खेळाडूसाठी मध्यम वजनाचा ॲल्युमिनियमचा दांडा पुरेसा मानला जातो. त्याच्या चुका प्रामुख्याने तंत्रातील असतात व महाग दांड्याने त्या दूर होत नाहीत. वाढत्या वयात खेळाडूची ताकद व शैली बदलत असल्याने सुरुवातीस मोठा खर्च करण्याचे कारणही नसते. तंत्र स्थिर झाल्यावर आपण अधिक वेळा पास देतो की फटके मारतो, एका हाताने किती खेळतो आणि समोरचे बचावपटू किती जोराने प्रहार करतात, हे पाहून पदार्थ व लवचीकता ठरवली जाते. डोके दांड्यावर घट्ट बसते की खडखडते, हे खरेदीपूर्वी तपासणे आवश्यक असते.

निगा व सुरक्षितता

धातूचा दांडा सपाट पृष्ठभागावर लोळवून पाहिल्यास वाक लक्षात येतो. संमिश्र दांडा दाबून पाहताना मऊ जागा, कटकट असा आवाज किंवा वर आलेले तंतू आढळल्यास तो वापरातून काढतात. त्याच्या कुसळांनी हाताला इजा होते. तुटलेली स्टिक घेऊन खेळात भाग घेण्यास नियमांनुसार मनाई आहे. त्यामुळे सामन्यास राखीव स्टिक सोबत ठेवली जाते.

सिक्सेस प्रकार

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या १४१व्या अधिवेशनात लॅक्रॉसचा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये समावेश करण्यास मान्यता मिळाली. १९०४ व १९०८ नंतर हा खेळ पदकांसाठी प्रथमच खेळला जाणार आहे. त्यासाठी निवडलेल्या सिक्सेस या प्रकारात प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात व लांब स्टिकला स्थान नसते. गोलरक्षक वगळता प्रत्येकाला आक्रमण व बचाव दोन्ही आखूड स्टिकनेच करावे लागतात. आक्रमक फळीपुरता मानला गेलेला आखूड दांडा या प्रकारात मैदानातील सर्वांचाच दांडा ठरतो.