सुटा अंक, बांधलेला खंड

रुडयार्ड किपलिंगने आयुष्याच्या अखेरीस आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याने लहानपणी वाचलेल्या एका मासिकाचा बांधलेला खंड अजून जवळ असल्याचं आवर्जून नोंदवलं आहे. मासिक होतं ‘आंट ज्युडीज मॅगझीन’. त्यातली त्याची आवडती गोष्ट ज्युलियाना ईविंगची ‘सिक्स टू सिक्स्टीन’, हिंदुस्थानात पोरकी होऊन इंग्लंडात आलेल्या मुलीची. किपलिंग मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आतच त्याला इंग्लंडातल्या साउथसीला परक्या घरात ठेवलं गेलं. ती गोष्ट त्याला का भिडली हे वेगळं सांगायला नको. पण साठेक वर्षं तो कागद टिकला, याचं श्रेय बांधणीला आहे. सुटे अंक कधीच रद्दीत गेले असते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बालमासिकं आपल्यापर्यंत पोचली ती संपादक आणि चित्रकारांइतकीच बांधणीवाल्यांमुळे, आणि त्यांची आठवण मात्र फार कमी काढली जाते.

सुरुवातीची मासिकं दिसायला गरीब होती. १८२४ साली ‘चाइल्ड्स कम्पॅनियन’ आणि कॅरस विल्सन या पाद्र्याचं ‘चिल्ड्रन्स फ्रेंड’ अशी दोन मासिकं निघाली. चिमुकला आकार, ओबडधोबड लाकडी ठशांची चित्रं आणि मजकुरात पाप, पश्चात्ताप, सद्गुणी मुलांचे मृत्यू. ब्राँटेच्या ‘जेन एअर’ कादंबरीतला निर्दय ब्रॉकलहर्स्ट याच विल्सनवर बेतलेला आहे. ब्राँटे बहिणी त्याच्या शाळेत शिकल्या होत्या. अशा माणसाने मुलांसाठी मासिक काढावं आणि ते दशकानुदशकं चालावं, यावरून त्या काळी मुलांपाशी वाचायला किती थोडं होतं हे कळतं.

चित्र पालटलं ते कर उठल्यामुळे. जाहिरातींवरचा कर १८५३ साली गेला, वृत्तपत्रांवरचा मुद्रांक १८५५ साली आणि कागदावरचा कर १८६१ साली. छपाई स्वस्त झाली. १८६६ या एकाच वर्षी ‘आंट ज्युडीज’ आणि ‘चॅटरबॉक्स’ ही अगदी वेगळ्या स्वभावाची दोन नियतकालिकं निघाली.

‘चॅटरबॉक्स’ हे अर्ध्या पेनीचं साप्ताहिक. ते काढणारा जे. अर्स्किन क्लार्क हाही पाद्रीच, पण त्याला मुलांची नस सापडली होती. दरोडेखोर आणि खुनांच्या पेनीछाप गोष्टींना तोड द्यायची तर उपदेशाने भागणार नाही, तितकंच ठसठशीत चित्र पाहिजे, हे त्याने ओळखलं. पुढे ‘पीटर पॅन’ लिहिणारा जे. एम. बॅरी हा त्याचा एक बालवाचक. त्या पेनीछाप गोष्टींचा निषेध ‘चॅटरबॉक्स’मध्ये वाचून त्याने स्वतःजवळचा साठा एका शेतात पुरून टाकला होता.

‘आंट ज्युडीज’ हे माझ्या मते त्या सगळ्यांतलं सर्वांत सुसंस्कृत मासिक. संपादक मार्गारेट गॅटी शेफील्डजवळच्या एक्लसफील्ड गावच्या पाद्र्याची पत्नी होती. तिने ब्रिटनच्या समुद्रशेवाळांवर सचित्र ग्रंथ लिहिला होता, आणि निसर्गाविषयीची तीच जिज्ञासा तिने मासिकात आणली. ज्युडी हे तिच्या मुलीचं, ज्युलियाना ईविंगचं, घरातलं नाव. लुइस कॅरलची ‘ब्रुनोज रिव्हेंज’ ही गोष्ट १८६७ साली इथेच आली. वाचक मुलांनी पैसे जमवून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात एक खाट चालवली. सुरुवातीच्या वर्षांत सहा-सहा महिन्यांचे अंक बांधून ‘मे-डे’ आणि ‘ख्रिसमस’ असे खंड विकले जात. भेटवस्तू देण्याच्या मोसमावर नजर ठेवूनच हे आखलेलं होतं.

चित्रांचं काम बॉक्सवुडच्या लाकडावर चाले. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे बोल्टने जोडायचे. घाई असली की ते सोडवून प्रत्येक कारागिराला एकेक तुकडा कोरायला द्यायचा, आणि शेवटी उस्तादाने सांध्यांवरच्या रेषा जुळवून घ्यायच्या. ‘गुड वर्ड्स फॉर द यंग’मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्डच्या ‘अ‍ॅट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड’साठी आर्थर ह्यूजने काढलेली चित्रं पाहावीत. वाऱ्याच्या बाईचे पसरलेले केस आणि त्यात निजलेलं पोर काळ्या शाईच्या बारीक रेघांतून उभं राहतं, रंगाची उणीव भासत नाही.

आता बांधणी. पूर्वी पुस्तक कातड्यात बांधायचं तर गिऱ्हाइकाने बाइंडर गाठायचा. १८२०च्या दशकात लंडनमध्ये प्रकाशकच खळ दिलेल्या सुती कापडाची तयार बांधणी देऊ लागले, आणि १८३२च्या सुमारास त्या कापडावर सोन्याचा ठसा उमटवण्याची युक्ती साधली. पुठ्ठे, कणा आणि कापड मिळून कव्हर वेगळं तयार व्हायचं आणि शिवलेली पानं नंतर त्यात बसवली जायची. कव्हर सपाट असतानाच त्यावर वर्ख ठेवून तापवलेला पितळी ठसा यंत्राने दाबत. वर्ख मांडायचं नाजूक काम बहुतेक बायका करत. ठसा उठल्यावर उरलेला सोन्याचा कण न् कण गोळा केला जाई. जॉन लेटन, रॉबर्ट डडली असे कलावंत खास बांधणीसाठी नक्षी काढत. १८७०नंतर सोन्याच्या जोडीला काळी शाई आली, मग लाल, निळी. घरी अंक साठवणाऱ्यांसाठी प्रकाशक नुसती कव्हरंही विकत, ती घेऊन जवळच्या बाइंडरकडे जायचं.

या झगमगाटाचं गिऱ्हाईक मूल नव्हतं, मोठी माणसं होती. १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या, रविवारच्या शाळा तर होत्याच, आणि बक्षीस म्हणून द्यायला भारदस्त दिसणारं पुस्तक हवं होतं. १८ जानेवारी १८७९ला रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी या धर्मप्रसारक संस्थेने एक पेनीचं ‘बॉइज ओन पेपर’ काढलं, पुढच्या जानेवारीत ‘गर्ल्स ओन पेपर’. ‘बॉइज ओन पेपर’चा संपादक हचिसन याने धर्मोपदेशाच्या जागी टॅल्बट बेन्स रीडची फुटबॉलची गोष्ट पहिल्याच अंकात छापली. तेच साप्ताहिक वर्षाखेर जाडजूड सोनेरी खंड होऊन दिमाखात कपाटात बसायचं. त्याच सुमारास, १८८१ साली, विनायक कोंडदेव ओकांनी मराठीत ‘बालबोध’ सुरू केलं. त्याच वर्षी लंडनच्या ‘यंग फोक्स’मध्ये स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ क्रमशः येऊ लागली. तिथे तिचा फारसा गाजावाजा झाला नाही, १८८३ साली पुस्तक निघालं तेव्हा ती घराघरांत गेली.

शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून थेट ठसे बनू लागले आणि लाकूड कोरणाऱ्यांचं काम गेलं. सोन्याऐवजी रंगीत चित्र चिकटवलेले पुठ्ठे स्वस्त पडू लागले.

एक हानी मात्र बांधणीवाल्यांच्याच हातून झाली. खंड बांधताना सुट्या अंकांची वेष्टनं आणि जाहिरातींची पानं सहसा काढून टाकत. त्यामुळे ग्रंथालयांत खंडांच्या रांगा असूनही, शनिवारी पेनी मोजून मुलाने जो अंक हातात घेतला तो कसा दिसायचा हे दाखवणारे नमुने दुर्मीळ आहेत. वेष्टनासकट असा एखादा सुटा अंक कुणाच्या हाती लागलाच, तर तो तसाच ठेवावा, प्रेमापोटीही बाइंडरकडे नेऊ नये.