भंडाऱ्याचा रुपया, परदेशची फी

भंडाऱ्यातल्या बँकेत वडील फॉर्मवर सही करतात आणि काही दिवसांत मुलीच्या फीचे डॉलर अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या खात्यावर जमा होतात. या सगळ्यात एकही नोट वैनगंगा ओलांडत नाही. आपल्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत आधीपासूनच डॉलरचं खातं असतं. त्याला ‘नॉस्ट्रो’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘आमचं’. इथे रुपये वजा होतात, तिथल्या खात्यातले डॉलर विद्यापीठाकडे वळते होतात. समुद्रापार जातो तो फक्त ‘स्विफ्ट’ या बँकांच्या संदेश-संस्थेचा संदेश. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी ही संस्था बेल्जियममध्ये उभारली आणि १९७७ पासून तिचे संदेश धावू लागले.

संदेश क्षणात जातो. खरी काळजी दराची असते, आणि ती जुनीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. रक्कमच पौंडांत ठरलेली, म्हणजे रुपया घसरला तरी झळ संस्थानाला. १९२० मध्ये ते शिकायला पुन्हा परदेशी, लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक आणि मित्र नवल भथेनांकडून उसने घेतलेले ५००० रुपये यांच्या जोरावर, म्हणजे या वेळी झळ त्यांनाच. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत. १९२१ मध्ये भाव १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला. दोन शिलिंगांच्या दराने १०० पौंडांना १००० रुपये पुरतात, १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने १५०० लागतात. त्याच दिवसांत ते लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहीत होते. १९२३ मध्ये तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ म्हणून छापून आला. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी याच भंडाऱ्यातून लढवली, म्हणून हा हिशेब मला घरचाच वाटतो.

आजही प्रश्न तोच: दराचा भार कुणावर? राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत निर्वाहभत्ता परकीय चलनात ठरतो. शैक्षणिक कर्ज मात्र रुपयांत मंजूर होतं आणि प्रत्येक हप्ता त्या-त्या दिवसाच्या दराने जातो. म्हणून कर्ज मागतानाच दर वाढेल असं धरून रक्कम थोडी चढी मागावी, असं मी आग्रहाने सांगेन.

पैसे कधी हाती येतात हेही बघावं लागतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. धानाचे चुकारे अर्जाच्या आदल्या आठवड्यात जमा झाले तर ते धरले जात नाहीत. जर्मनीत ‘ब्लॉक’ खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि महिन्याला ९९२ काढायचे. आपल्याकडून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म लागतो. लहान शाखा अशी फाइल बहुधा परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेकडे पाठवते, त्यामुळे फीच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी तरी बँकेत जावं.

फॉर्मवर दोन जागा बोट ठेवून वाचाव्यात. एक, वाटेतल्या बँकांचा खर्च कोण देणार: ‘पाठवणारा’ ही खूण नसेल तर मधली बँक आपले डॉलर कापून घेते आणि फी तेवढी थकीत दिसते. दुसरी, शेरा लिहायची ओळ. तिथे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी क्रमांक हवा. तो नसला तर पैसे पोचतात, पण कुणाचे ते तिथल्या कारकुनाला कळत नाही.